बांबूचा हात शेतात टिकेल का?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. कोपर शाबूत आहे, त्याखाली वीतभराहून थोडा कमी हात उरला आहे. एका शिबिरात त्याला दिसायला अगदी खऱ्यासारखा हात मिळाला होता, पण तो पेटीत पडून आहे. विजेवर चालणाऱ्या हाताची किंमत ऐकल्यावर आम्ही तो विषयच सोडून दिला. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या बांधावर कळकाची बेटं आहेत, गावात सुतार आहेत, चामड्याचं काम जाणणारे आहेत. बांबू, लाकूड, ताग, चामडं यांतून स्वस्त आणि कामाचा हात बनवता येईल का? तो शेतात टिकेल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : बनवता येईल, पण अख्खा नव्हे. कोणता भाग गावच्या सामानातून करायचा आणि कोणता जाणकारावर सोपवायचा, एवढं नीट ठरवलंत तर तुमच्या हातून खरोखर उपयोगी वस्तू तयार होईल.

आधी तो पेटीतला हात पाहू. तो पडून आहे यात भावाचा काही दोष नाही. कॅनडातल्या एलेन बिडिस आणि टॉम चाऊ या संशोधकांनी आधीच्या २५ वर्षांतले अभ्यास एकत्र तपासून २००७ मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. पट्टे आणि केबलवर चालणारे हात सरासरी २६ टक्के प्रौढांनी वापरणं सोडून दिलं होतं. विजेवर चालणाऱ्या हातांचा आकडा होता २३ टक्के. मुलांमध्ये हेच आकडे अनुक्रमे ४५ आणि ३५ टक्के निघाले. दोन्ही प्रकारांच्या किमतीत प्रचंड अंतर आहे, पण टाकून देण्याच्या प्रमाणात प्रौढांमध्ये जेमतेम ३ टक्क्यांचा फरक! कारणं सगळीकडे तीच ऐकू येतात. वजन होतं, आत घाम येतो, टोचतं, आणि एवढं सोसून काम फारसं होत नाही. तेव्हा महागडा हात घेता आला नाही याची खंत भावाच्या मनात असेल, तर ती आधी काढून टाका.

आता हाताची रचना. कोपराखालच्या कृत्रिम हाताचे चार भाग असतात. उरलेला हात ज्यात बसतो ते सॉकेट, त्यापुढचा मनगटाचा जोड, टोकाला काम करणारं साधन आणि ते साधन चालवणारे पट्टे व केबल. अमेरिकेत लाकूड कापण्याच्या गिरणीत हात गमावलेल्या डी. डब्ल्यू. डॉरन्स यांनी १९१२ मध्ये दुभंगलेल्या हुकाचं पेटंट घेतलं, आणि तो हुक थोड्याफार बदलांनिशी आजही वापरात आहे. पाठीवरून आठच्या आकड्यासारखा पट्टा फिरवून तो धडधाकट बाजूच्या काखेत अडकवतात. त्या पट्ट्याला बावडन केबल जोडतात. सायकलच्या ब्रेकला असते तीच ही केबल. हात पुढे नेला किंवा खांदे थोडे पुढे ढकलले की केबल ताणली जाते आणि हुक उघडतो. ताण सैल झाला की हुकाच्या बुडाशी चढवलेली रबरं तो मिटवतात. एका रबरामागे साधारण अर्ध्या किलोची पकड मिळते. जास्त पकड हवी तर जास्त रबरं चढवायची. मात्र तेवढाच जोर दर वेळी खांद्याला लावावा लागतो, हे विसरायचं नाही.

या यंत्रणेत न कळण्यासारखं काही नाही. केबल तुटली तर तालुक्याच्या सायकल दुकानात नवी मिळते, आणि माझ्या मते या हाताचा हाच सर्वांत मोठा गुण आहे. शिवाय केबलच्या ताणावरून पकड किती घट्ट आहे याचा अंदाज खांद्याला येतो. विजेच्या हाताकडून तो सहसा मिळत नाही.

आता तुमचं सामान एकेक करून बघू.

चामडं फार जुनं आणि फार गुणी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, म्हणजे कोल्हापुरी चपलेचं, भिजवून साच्यावर ताणलं आणि सावलीत वाळवलं की तो आकार धरून ठेवतं. क्रोमवर कमावलेलं मऊ चामडं असा आकार धरत नाही, म्हणून आणताना विचारून घ्या. दंडाभोवतीचा पट्टा, कोपराच्या दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या, काखेतला पट्टा या जागी मला चामडं प्लास्टिकपेक्षा बरं वाटतं. ते अंगाबरोबर वळतं आणि भोक पाडून घट्ट-सैल करता येतं. पण उघड्या कातडीला दिवसभर चिकटून राहणारं सॉकेट चामड्याचं करू नका. ते घाम शोषतं, धुता येत नाही, वास धरतं आणि पुढे कडक होऊन चिरतं.

लाकडाचे अवयव युरोपात पिढ्यान्‌पिढ्या विलो आणि लिंडेनच्या लाकडातून कोरले जात. दोन्ही लाकडं हलकी आणि कोरायला सोपी. आपल्याकडे शिवणीत हे गुण आहेत, आणि ती सुकल्यावर फारशी वाकत-मुरडत नाही. मनगटाचा ठोकळा, अवजाराची मूठ, पकडीचे जबडे यांसाठी शिवण वापरून बघा. सुताराला नेमकं काय हवं ते समजावून सांगितलं, तर या कामात तो तुमच्या कॉलेजच्या कार्यशाळेहून पुढे जाईल.

बांबूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रश्नाचा जीव तिथेच आहे. कळकाची ताकद त्याच्या बाहेरच्या हिरव्या सालीलगतच्या धाग्यांमध्ये एकवटलेली असते, आणि ते धागे उभे असतात. त्या दिशेनं ओढ सोसायला बांबू उत्तम. आडवा दाब पडला किंवा टोकाला खिळा-बोल्ट मारला की तो उभा चिरतो. कळकाची नळी सॉकेट म्हणून वापरायची कल्पना पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचते. ती सोडून द्या. उरलेला हात नळीसारखा गोल नसतो. त्याला हाडाच्या कडा असतात, शिवणीचे व्रण असतात, कापलेल्या नसांची दुखरी टोकं असतात, आणि जखम भरल्यावर कित्येक महिने तो आकसत जातो. कळकाच्या कामट्या मात्र फार उपयोगी पडतील. आतलं मऊ अस्तर आणि बाहेर उभ्या कामट्यांचा जाळीदार पिंजरा असं हवेशीर सॉकेट करता येईल का, हा प्रश्न मला स्वतःला ओढ लावतो. उघड्या चौकटीची सॉकेटं प्लास्टिकमध्ये बनतातच. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद सॉकेटात काय होतं ते तुमचा भाऊ सांगेल. एखाद्या बुरूड कारागिराला बरोबर घेऊन हा प्रयोग जरूर करा, पण प्रॉस्थेटिस्टच्या, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाच्या, देखरेखीखाली. आणि बांबू कोणताही असो, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवल्याशिवाय वापरू नका. त्यातल्या पिष्टावर भुंगा येतो आणि वरून धडधाकट दिसणारी कामटी आतून पीठ झालेली असते.

राहिले धागे. ताग, अंबाडी, घायपात, केळीच्या खांबाचा धागा. आज सॉकेटं बनवताना अनेक ठिकाणी काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्याचं कापड साच्यावर चढवून त्यात रेझिन जिरवतात. त्या कापडाच्या जागी वनस्पतीचा धागा घालता येतो. रॅमी नावाच्या झाडाच्या धाग्यापासून पायाची सॉकेटं करून पाहण्याचं काम ब्रिटनमध्ये आणि इंडोनेशियात झालं आहे. पायाच्या सॉकेटवर अख्ख्या शरीराचा भार येतो. हाताला त्या मानानं फार कमी सोसावं लागतं, म्हणून ताकदीची काळजी इथे दुय्यम ठरते. वजनातही फायदा आहे. काचेच्या धाग्याची घनता पाण्याच्या अडीच पट, तागाची दीड पटीच्या आतबाहेर. शिवाय काचेचं सॉकेट घासताना उडणारी पूड कारागिराच्या अंगाला खाजते, नाकातोंडात जाते. ताग त्या बाबतीत पुष्कळ सुसह्य.

अडचण पाण्याची आहे. नेहमीच्या दमट हवेत सुक्या तागाच्या १०० ग्रॅममागे जवळजवळ १४ ग्रॅम पाणी मुरलेलं असतं. पॉलिस्टरमध्ये ते अर्धा ग्रॅमही नसतं. पाणी प्यायलेला धागा फुगतो, वाळला की आकसतो, आणि या रोजच्या फुगण्या-आकसण्यात रेझिनची पकड सुटत जाते. मग बुरशी येते. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धागा धुऊन घेतला तर रेझिन अधिक चांगलं धरतं. कापड लावण्यापूर्वी पूर्ण वाळवावं लागतं आणि प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक भोक रेझिननं बंद करावं लागतं. एक भोक उघडं राहिलं तरी पहिल्याच पावसाळ्यात तिथून सुरुवात होते. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं युद्धग्रस्त देशांतल्या आपल्या केंद्रांसाठी पॉलिप्रॉपिलीन निवडलं, त्यामागे स्वस्ताईइतकंच हेही कारण आहे. ते पाणी पीत नाही.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे. पुढच्या हाताच्या सॉकेटला सामान लागतं काही शे ग्रॅम. त्यात काचेऐवजी ताग घातला तर वाचतील फार तर काही रुपये. आणि रेझिन लागतंच, तेही स्वस्त नसतं. नैसर्गिक साहित्य वापरलं की किंमत आपोआप उतरते, हा समज मनातून काढा. पैसा जातो तो वेगळ्या वाटांनी : बाहेरून आणलेले सुटे भाग, मोटार आणि बॅटरी, साचा घेऊन तो दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचे तास, आणि रुग्णाच्या फेऱ्या. हात आकसला की सॉकेट सैल होतं, पुन्हा माप. लहान मूल असेल तर ते वाढतं, पुन्हा माप. दर फेरीला एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, मुक्काम. शेतमजुराच्या घराला हातापेक्षा या फेऱ्याच जड जातात. गावच्या सामानाचा खरा उपयोग इथे आहे. जी वस्तू सुतार, चर्मकार आणि सायकलवाला मिळून दुरुस्त करू शकतात, ती खराब झाली म्हणून पेटीत जात नाही.

म्हणून माझा सल्ला असा. सॉकेट तज्ज्ञांकडून करून घ्या. पुण्यात वानवडीला १९४४ पासून चालू असलेलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये सुरू झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. सॉकेट आणि मनगटाचा जोड तिथून, आणि पुढचं टोकाचं साधन तुमच्याकडून. जोडाचे आटे कोणते आहेत ते आधी विचारून घ्या. जगभर मुख्यतः दोन प्रमाणं चालतात : अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आट्यांचा स्क्रू, किंवा १२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा. ते कळलं की लेथवर एक स्टड काढायचा आणि त्यावर हवं ते साधन चढवायचं.

हवं ते म्हणजे काय? ते भावाला विचारल्याशिवाय कागदावर एक रेघ ओढू नका. पहिल्या महायुद्धात हात गमावलेले सैनिक मोठ्या संख्येनं जर्मनीत परतले, तेव्हा १९१६ मध्ये बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग इथं कृत्रिम अवयव तपासणारं केंद्र उभं राहिलं. तिथले गेओर्ग श्लेझिंगर हे यंत्रकामाचे प्राध्यापक, तुमच्याच शाखेचे. त्यांनी हाताच्या पकडींचे सहा प्रकार सांगितले, आणि १९१९ ची ती मांडणी आजही शिकवली जाते. आपल्या कामांत ती अशी दिसेल : कुदळीचा दांडा मुठीत धरणं, बोटांच्या टोकांनी सुई उचलणं, बोटांच्या पेरांमध्ये बियाणाची चिमूट धरणं, अंगठा आणि तर्जनीच्या कडेत किल्ली दाबणं, कांदा पंजात घेणं आणि बादली बोटांना अडकवणं. यातली बादली उचलायला बोटं लागतच नाहीत, साधा आकडा पुरतो. दांड्याला एक कडं आणि त्यात फिरणारा सांधा पुरतो. सुई, किल्ली ही कामं भाऊ एव्हाना डाव्या हातानं करायला लागला असेल. म्हणजे कृत्रिम हाताकडे उरतात ती धरून ठेवायची, दाबून ठेवायची, अडकवायची कामं. भाऊ दिवसभरात कुठे कुठे अडतो ते आठवडाभर लिहून काढा. पोत्याचं तोंड धरताना, धार काढताना भांडं आवरताना, खुरपताना, दोरीची गाठ मारताना. त्यातली दोन कामं निवडा आणि त्या दोन कामांपुरती दोन साधनं करा, अदलाबदल करता येतील अशी. खऱ्या हातासारखं दिसणारं काहीतरी बनवायचा मोह होईल. तो पहिल्या फेरीत टाळा. लग्नकार्यात घालायला पेटीतला हात आहेच, त्या कामासाठी तो चांगला आहे.

वजन सतत मोजत राहा. मनगटापुढचा प्रत्येक ग्रॅम कोपराला लांबून ओढतो. ॲल्युमिनियमचा हुक शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो, विजेचा हात चारशे-पाचशेचा. आपला खरा पंजाही साधारण तेवढाच असतो, पण तो हाडांना आणि स्नायूंना जोडलेला आहे. कृत्रिम हात कातडीवर लटकतो.

एक नियम मात्र मोडू नका. साधन अडकून बसलं तर हात झटक्यात मोकळा झाला पाहिजे. दुचाकीच्या मुठीला, ट्रॅक्टरच्या चाकाला घट्ट बांधून ठेवणारी रचना करायची नाही. आणि कोणताही कृत्रिम हात घालून चालू कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात वैरण-पेंढ्या सारायच्या नाहीत. तिथे बोट अडकल्याचं कळायला कातडीच नसते.

आणखी एक. ती कडबाकुट्टी बहुधा अजून तुमच्या गोठ्यात चालू असेल. वैरण सारायची पन्हळ हाताच्या लांबीपेक्षा मोठी करा, तिच्या रुळाकडच्या अर्ध्या भागावर वरून झाकण बसवा, चाकावर जाळी घाला. धोकादायक यंत्रांबाबतचा १९८३ चा केंद्राचा कायदा आहे, पण गोठ्यात तो कोणी येऊन बघत नाही. तुम्ही हे काम एका रविवारात करू शकाल. डिप्लोमाचा प्रकल्प त्यानंतर सुरू करा.

प्रश्न : जयपूर फूट जगभर गेला. मग ‘जयपूर हात’ का झाला नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जयपूर फूट कसा झाला ते पाहिलं की उत्तर मिळतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. परदेशी धर्तीच्या पायाला बूट लागायचा, आणि तो घालून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात उतरता येत नव्हतं. लोक तो काढून ठेवत आणि कुबड्यांवर परत जात. मास्टरजींनी लाकडाचा घोटा, सच्छिद्र रबराच्या वड्या आणि बाहेरून टायरच्या धाग्याचं व रबराचं आवरण असा पाय साच्यात भाजून काढला. तो अनवाणी चालतो, ओल्यात चालतो, वाकतो. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं हा पाय मोफत बसवायला सुरुवात केली आणि तो गावोगाव पोचवला. मुंबईत वाढलेल्या नर्तकी सुधा चंद्रन त्याच पायावर १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

रबर आणि लाकूड इथे अचूक बसलं, कारण पायाचं काम मुळात एक आहे : भार घ्यायचा आणि पुढे सरकायचं. शिवाय पायाशिवाय माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून थोडा त्रास देणारा पायही तो घालतो. हाताला शंभर कामं, आणि एक हात गेला तरी दुसरा हात, दात, काख, गुडघे मदतीला येतात. कृत्रिम हातानं या सगळ्यांपेक्षा बरं काम केलं तरच तो अंगावर राहतो. ही परीक्षा फार कडक आहे.

तरीही ‘जयपूर हाता’च्या सर्वांत जवळ जाणारी एक वस्तू आहे. एर्नी मेडोज या अमेरिकी डिझायनरनं अपघातात वारलेल्या आपल्या मुलीच्या, एलेनच्या, स्मरणार्थ एलएन-४ नावाचा प्लास्टिकचा हात तयार केला. रोटरी क्लबांच्या शिबिरांतून तो भारतातही मोफत बसवला जातो. कोपर आणि त्याखाली पुरेसा हात शिल्लक असेल तर तो पट्ट्यांनी बांधता येतो. साचा नाही, माप घेऊन महिनाभर वाट पाहणं नाही. तो स्वस्त ठरतो त्याचं कारण प्लास्टिक नव्हे, फिटिंगचा वेळ त्यानं जवळजवळ संपवून टाकला हे आहे. नाजूक कामं त्याला जमत नाहीत, पण चमचा, पेन, सायकलची मूठ धरता येते.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर बनणारे हात मक्याच्या प्लास्टिकचे असतात म्हणतात. ते नैसर्गिक साहित्यात धरायचे का?
– एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : कच्चा माल म्हणून विचाराल तर हो. पीएलए नावाचं हे प्लास्टिक मक्याच्या पिष्टापासून किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. या हातांच्या वंशावळीत तर आणखी नैसर्गिक पूर्वज आहे. दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन ॲस यांची बोटं २०११ मध्ये करवतीत गेली. त्यांनी अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांच्याबरोबर नवी बोटं घडवायला घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर १९ व्या शतकाच्या मध्यात ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये बनलेला एक हात होता. तोफेच्या अपघातात बोटं गमावलेल्या कॉर्पोरल कोल्स यांच्यासाठी रॉबर्ट नॉर्मन या दंतवैद्यानं तो देवमाशाच्या हाडातून कोरला होता. कप्प्यांवरून ओवलेली आतड्याची तात ओढली की त्याची बोटं मिटत. व्हॅन ॲस आणि ओवेन यांनी ‘रोबोहँड’चं डिझाइन कुणालाही फुकट वापरता येईल असं जाहीर करून टाकलं, आणि जगभरचे हौशी लोक मुलांसाठी असे हात छापू लागले.

पण शाळेत प्रकल्प करणार असाल तर दोन गोष्टी आधी सांगा. मनगट हलत असेल तरच या प्रकारचे हात चालतात, कारण मनगट वाकवलं की दोऱ्या ओढल्या जाऊन बोटं मिटतात. आणि पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला हात संध्याकाळी वाकडा झालेला असेल. या हातांची पकडही हलकीच असते. मुलं मात्र ते आवडीनं घालतात, रंग निवडतात, मित्रांना दाखवतात. वाढत्या वयात दर वर्षी नवा हात छापता येणं हाही मोठा दिलासा आहे.

प्रश्न : विजेच्या तारेला चिकटून दोन्ही पंजे गेलेला एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. त्याला स्वस्तात काय करता येईल?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : दोन्ही हात गेलेल्या माणसाचं गणित वेगळं असतं. त्याला काढून ठेवायची सोय नसते, म्हणून केबलवर चालणारा हुक तो बहुधा चिकाटीनं शिकतो. त्याला पुण्याच्या किंवा मुंबईच्या वर उल्लेखलेल्या केंद्रात लवकरात लवकर न्या. जेवण, आंघोळ आणि संडास ही तीन कामं कुणाच्या मदतीशिवाय करता येणं, हे पहिलं उद्दिष्ट तिथल्या लोकांना स्पष्ट सांगा.

त्याचबरोबर अस्थिशल्यतज्ज्ञांना क्रुकेनबर्ग शस्त्रक्रियेबद्दल विचारा. जर्मन शल्यविशारद हेर्मान क्रुकेनबर्ग यांनी १९१७ मध्ये ती मांडली. कोपराखालचा हात पुरेसा लांब असेल तर त्यातली दोन हाडं एकमेकांपासून सुटी करतात आणि स्नायूंची अशी वाटणी करतात की हात चिमट्यासारखा उघडतो, मिटतो. वर माणसाची स्वतःची कातडी असते. गरम-गार, मऊ-टणक, ओलं-सुकं सगळं कळतं. अंधारातही वस्तू ओळखता येते. म्हणूनच दोन्ही हात आणि दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ती विशेष केली जाई. यात बॅटरी नाही, केबल नाही, दुरुस्तीच्या फेऱ्या नाहीत. वर हवा तेव्हा दिखाऊ हातही घालता येतो. लोक नकार देतात तो दिसण्यामुळे, आणि तो नकार समजण्यासारखा आहे. निर्णय त्या तरुणाचाच असू द्या. घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी परस्पर ‘नको, बरं दिसत नाही’ असं म्हणून हा पर्याय त्याच्यापर्यंत पोचूच दिला नाही, असं होता कामा नये. भाजल्यामुळे उरलेल्या हाताची कातडी आणि स्नायू कितपत निरोगी आहेत यावर बरंच अवलंबून राहील. तेव्हा केंद्रात जाताना भाजल्यावेळचे सगळे कागद, शस्त्रक्रियांच्या नोंदी आणि नवे एक्स-रे बरोबर घेऊन जा.